छपरावरचा तुरा

आप्पा तिसऱ्यांदा हरवले, तेव्हा आपण हरवलो आहोत हे त्यांना सोडून सगळ्यांना कळलं होतं. ते मागच्या गल्लीतल्या एका घरात कोचावर ऐसपैस बसून चहा पीत होते. त्या घरच्या बाईंना वाटलं, यजमानांच्या ऑफिसातलं कोणी मोठं माणूस असेल. यजमानांना वाटलं, बायकोच्या माहेरचं कोणी असेल. त्यामुळे दोघांनीही नाव विचारायचं धाडस केलं नाही, बिस्किटं मात्र दोनदा पुढे केली. शेवटी आप्पांनीच, "बरं, आता तुम्ही निघा, मला जरा आडवं व्हायचंय," असं त्या दोघांना सांगितलं आणि मग प्रकरण उघडकीस आलं.

आप्पांच्या डोक्यात काही बिघाड नव्हता. त्यांना शाळेतल्या मास्तरांच्या छत्र्यासुद्धा आठवत. घोटाळा होता डोळ्यांचा. जवळचं सगळं धुक्यात गेलेलं, लांबचं मात्र लख्ख. हातातला पेपर दिसायचा नाही, पण तळ्यापलीकडच्या मनोऱ्यावर पाखरू कुठल्या बाजूला तोंड करून बसलंय ते सांगायचे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. अशा माणसाने घराच्या फाटकावरचा तळहाताएवढा नंबर वाचायचा कसा?

त्यात वसाहत अशी, की चांगले डोळेवालेही चकावेत. बिल्डरने जाहिरातीत 'अभिजात शैलीतली घरं' असं छापलं होतं. अभिजात म्हणजे दारापाशी दोन पोकळ खांब आणि गच्चीच्या पुढच्या अंगाला एक त्रिकोणी भिंत, जुन्या ग्रीक देवळांच्या कपाळावर असते तशी. प्रत्येक घराला तेच खांब, तोच त्रिकोण, तोच पिवळट रंग आणि तेच फाटक. घरं मोजत यावं म्हटलं, तर वाटेत कोणी ना कोणी बोलायला भेटायचं आणि आप्पांची मोजणी गप्पांत वाहून जायची.

त्या रात्री मुलीचा फोन आला. आप्पांची मुलगी लांबच्या शहरात, उंच इमारतीत राहायची. ती भावाला म्हणाली, "दादा, आता बास. पुन्हा एकदा हरवले ना, की मी येणार आणि त्यांना घेऊन जाणार. आमच्याकडे खाली उतरायची गरजच पडत नाही, सगळं घरपोच येतं."

आप्पांनी हे ऐकलं. फोन स्पीकरवर होता. त्या रात्री ते अर्धवटच जेवले. सगळं आयुष्य त्यांनी रेल्वेत सिग्नल सांभाळण्यात काढलं होतं, उन्हातान्हात, मोकळ्यावर. संध्याकाळचा फेरफटका हा त्यांचा प्राण होता. सोबतीला माणूस द्यायची गोष्ट काढली की म्हणायचे, "मी काय पार्सल आहे?" झोपायला जाताना त्यांनी मुलाला एवढंच विचारलं, "तिच्या खिडकीतली कुंडी व्हायचं का रे मी आता?"

हा जो मुलगा, तो नगरपालिकेच्या बांधकाम-परवानगी खात्यातला मोठा अधिकारी. वसाहतीत त्यांना 'साहेब' म्हणत, खात्यात तोंडावर 'सर' आणि पाठीमागे 'परिशिष्ट'. कारण कुठलाही अर्ज समोर आला की साहेब चष्मा वर करून म्हणायचे, "परिशिष्ट पाहिलंत का?" समोरच्याने ते पाहिलेलं नसायचं. मग साहेबांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं, ते काही लोकांना देवदर्शनातही मिळत नाही.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. शेजारच्या घरातले होमिओपॅथीचे डॉक्टर यात आघाडीवर. औषध देताना ते जितके कमी बोलत, तितकी भरपाई कुंपणापाशी करून घेत. त्यांनी आधी दारात भोंगा लावायला सांगितलं, मग कुत्रा पाळायला, मग फाटकाला उग्र वासाचं तेल फासायला. "नाकाला वय नसतं, साहेब," असं ते म्हणाले. तेल फासलं. आप्पा त्या वासाने शिंकत शिंकत पुढच्या घरात गेले.

तोडगा शेवटी आप्पांच्याच तोंडून निघाला. "अरे, फाटकाशी काय खेळताय," ते म्हणाले. "सिग्नल वर असतो. आभाळाच्या पाठीवर काही उभं केलंत, तर मला नाक्यावरून दिसेल."

"मग गच्चीवर बांबू उभा करा आणि त्याला लाल फडकं बांधा," साहेबांची बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची आणि कुठल्याही प्रश्नाचं उत्तर तिला कमीत कमी पायऱ्यांत हवं असायचं. साहेबांनी हे तिथेच मान्य केलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण फडकं म्हणजे काय? घराची काही शान असते की नाही? साहेबांनी वाचनालयातून प्राचीन वास्तुकलेचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि रविवारभर ते मांडीवर घेऊन बसले.

संध्याकाळी त्यांना साक्षात्कार झाला. ग्रीक देवळांच्या त्या त्रिकोणी कपाळावर नेमकं टोकाला एक शोभेचं काम बसवलेलं असायचं. कधी पुतळा, कधी कलश, कधी पाकळ्या फाकलेलं मोठं पान. "हे बघ," ते बायकोला चित्र दाखवत म्हणाले, "आपला त्रिकोण इतकी वर्षं बोडका आहे. बिल्डरने अर्धवट सोडलेलं काम आपण पुरं करतोय."

"म्हणजे फडकंच, पण दगडाचं," बायको म्हणाली आणि वह्या तपासायला लागली.

आता खरी मेख. गावातल्या कुठल्याही छपरावर शोभेची वस्तू बसवायला बंदी होती आणि ती बंदी आजवर डोळ्यांत तेल घालून पाळली होती ती साहेबांनीच. कोणाचं सिमेंटचं विमान, कोणाची फुटबॉलच्या आकाराची पाण्याची टाकी, एका पैलवानाने छपरावर मागितलेला स्वतःचा अर्धपुतळा, सगळे अर्ज त्यांनी फेटाळले होते. दुसरा एखादा असता, तर त्याने गुपचूप काम उरकलं असतं. साहेबांनी रीतसर अर्ज केला. आणि स्वतःच्या अर्जावर स्वतः निर्णय द्यायचा नाही म्हणून तो आपल्या हाताखालच्या बाईंकडे सोपवला.

या बाईंना खात्यात 'धाकट्या मॅडम' म्हणत. वयाने लहान, अंगाने किरकोळ, पण साहेबांच्या तालमीत तयार झालेल्या. त्यांनी अर्ज वाचला, परत वाचला आणि खुर्चीत ताठ बसल्या.

"सर, उद्देश काय लिहिलाय? शोभा?"

"शोभा आणि ओळख."

"शोभा हे कारण आपण आजवर एकदाही मान्य केलेलं नाही. ओळखीसाठी नंबरपाटी असते. सर, परिशिष्ट पाहिलंत का?"

साहेबांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो प्रश्न त्यांना समोरून आला होता, आणि या वेळी परिशिष्ट त्यांनी खरोखरच पाहिलं नव्हतं. मॅडमनीच ते काढून दाखवलं. वस्तू तात्पुरती बसवायची, खात्याने ती जागेवर जाऊन पाहायची आणि मग निर्णय द्यायचा, अशी एक पळवाट तिथे बारीक अक्षरांत होती. ती साहेबांनीच एके काळी घातली होती. कोणाच्या उपयोगाला येऊ नये म्हणून अक्षरं बारीक ठेवली होती.

काम दिलं साचेवाल्याला. हा माणूस हॉलच्या छताला प्लास्टरची फुलं लावायचा आणि कठड्याचे सिमेंटचे खांब ओतायचा. पुस्तकातलं चित्र त्याने उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "पान कुठलं आहे? केळीचं म्हणावं तर फाटलंय." साहेबांनी त्याला ग्रीकांविषयी बरंच काही सांगितलं. त्याने ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उंची सांगा."

इथे पहिली चूक झाली. साहेबांनी उंची ठरवली ती दिवाणखान्यातल्या टेबलावर हात ठेवून. टेबलावर ते पान खरंच देखणं दिसत होतं. पाहुण्यांनी हात लावून पाहावं असं. वर नेऊन त्रिकोणाच्या टोकावर बसवलं आणि सगळे रस्त्यावर उतरून बघायला लागले, तर वर काय आहे तेच कळेना. डॉक्टर बराच वेळ मान वर करून उभे होते. "कावळा आहे का हो?" त्यांनी विचारलं. तेवढ्यात खरा कावळा येऊन शेजारी बसला आणि तो मोठा निघाला.

उंचावरची वस्तू खालून बेतायची असते, एवढं साहेबांना कळलं. पण बेतायची कशी? डॉक्टर म्हणाले, "माणूस उभा करून बघा. तो केवढा दिसतो त्यावरून हिशेब." माणूस म्हणजे अर्थातच साहेब. दुसरं कोणी तयार नव्हतं.

साहेब गच्चीवर गेले, त्रिकोणी भिंतीमागे स्वयंपाकघरातलं स्टूल ठेवलं आणि त्यावर चढले. खालून ते टोकावर नेमके उगवल्यासारखे दिसू लागले. खाली बायको, डॉक्टर, साचेवाला आणि बघता बघता सगळी गल्ली जमली. डॉक्टरांनी सूत्रं हाती घेतली.

"हात पसरा. पान पसरट आहे."

साहेबांनी हात पसरले.

"बोटं फाकवा. पोट जरा आत घ्या, पोटामुळे अंदाज चुकतोय."

"पोट राहू द्या," साचेवाला म्हणाला, "खाली बुडाला तेवढं रुंद लागेलच."

साहेबांनी आजवर कितीतरी बांधकामं खालून न्याहाळली होती, पण बांधकामाला काय वाटत असेल याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता. तसे ते उभे असताना एका सायकलवाल्याचा गैरसमज झाला. गच्चीच्या टोकावर हात पसरून उभा असलेला माणूस आणि खाली गर्दी, यातून त्याने जो अर्थ काढायचा तो काढला आणि अग्निशमन दलाला फोन केला. लाल गाडी घंटा वाजवत आली. दलाचा अधिकारी साहेबांना कामानिमित्त ओळखायचा. त्याने कर्ण्यातून फार हळुवार आवाजात विचारलं, "सर, खात्यात काही झालंय का?"

"मी माप देतोय," साहेब वरून म्हणाले.

"हो सर. द्या. पण खाली येऊन देऊ या ना."

या गर्दीतच आप्पा फेरफटक्यावरून परतले. नाक्यापासून सरळ चालत, कोणालाही न विचारता, थेट आपल्या फाटकाशी. "आज घर पटकन सापडलं," ते सुनेला म्हणाले. "वर मुलगा उभा होता."

सुनेने वर पाहिलं. "अहो," तिने हाक मारली, "रोज संध्याकाळी तासभर जमेल का तुम्हाला?"

दुसरं पान झालं ते साहेबांच्या मापाचं. कप्पी लावून, दोर बांधून ते वर चढवताना त्याने एक कुंडी, एक ट्यूबलाइट आणि डॉक्टरांच्या नावाची पाटी एवढ्यांचा बळी घेतला, पण बसलं झकास. आभाळाच्या पाठीवर ते पसरलेलं पान असं काही शोभलं, की साचेवाल्यानेही आपलंच काम दोनदा पाहिलं. खात्यातल्या लोकांनी 'सरांच्या शिरपेचात तुरा' असे टोमणे मारले, तेही साहेबांनी प्रशंसा म्हणून घेतले. आप्पा रोज फिरायला जायचे आणि रोज नीट घरी यायचे. एक दिवस तर मुद्दाम लांबच्या रस्त्याने गेले आणि तळ्यापलीकडून मुलाला फोन केला, "इथूनसुद्धा दिसतोय रे आपला तुरा." साहेब मीटिंगमध्ये होते. त्यांनी फोन ठेवला आणि थोडा वेळ त्यांना समोरचा कागद नीट दिसेना.

हे सुख डॉक्टरांना बघवलं नाही. बघवलं नाही म्हणजे, फार आवडलं. साचेवाल्याकडे साचा तयारच होता, त्यामुळे पुढची पानं स्वस्तात पडणार होती. आधी डॉक्टरांच्या त्रिकोणावर तुरा उगवला, मग समोरच्यांच्या, मग कोपऱ्यावरच्या. साचेवाल्याने चार घरांची पानं एकदम घेणाऱ्यांना सूट जाहीर केली आणि पानांची साथच पसरली. साहेब घरोघर जाऊन सांगू लागले, "अहो, परवानगी लागते याला."

"तुम्ही बसवलंत ना?" लोक म्हणायचे.

"मी अर्ज केलाय."

"मग झालं तर. तुमच्याच अर्जात आमचंही बघा."

बघता बघता वसाहतीतल्या एकूण एक घरावर तेच पान, त्याच मापाचं, साहेबांच्या हातांसकट आणि पोटासकट, उभं राहिलं. आणि मग व्हायचं तेच झालं. आप्पा एका संध्याकाळी आलेच नाहीत. अंधार पडल्यावर दूधवाल्याने त्यांना गाडीवरून आणून सोडलं. त्यांचा सदरा घामाने भिजला होता. "सगळीकडे आपलाच तुरा आहे रे," ते म्हणाले आणि खुर्चीत बसून राहिले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, भीती होती. साहेबांनी ती आधी कधी ऐकली नव्हती.

बातमी मुलीपर्यंत पोचली, कशी ते कळलं नाही, पण डॉक्टर दोन दिवस कुंपणापाशी फिरकले नाहीत. तिने शनिवारची गाडी पकडली.

आणि त्याच शनिवारी सकाळी धाकट्या मॅडमचा निर्णय घरी आला. अर्ज नामंजूर, वस्तू ताबडतोब उतरवावी. साहेब तो कागद घेऊन तडक खात्यात गेले.

"मॅडम, सगळ्या वसाहतीवर तुरे आहेत. आणि काढायचा तो फक्त माझा?"

"सर, नामंजूर करायला आधी अर्ज लागतो. त्यांनी अर्जच केलेला नाही." मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मान ताठ होती. "त्यांच्यासाठी वेगळ्या फायली उघडाव्या लागतील. पाहणी, पंचनामा, नोटिसा. ते मी सुरू करणार आहे. पण तुमचं आज काढायला हवं. तुम्हीच शिकवलंत, सर, की ओळखीच्या माणसाला आधी नियम लावायचा."

हे त्यांनीच शिकवलं होतं. साहेब घरी आले. बहीण येऊन पोचली होती आणि आप्पांच्या कपड्यांच्या घड्या बॅगेत रचत होती. आप्पा आपली काठी पुसत बसले होते. साचेवाल्याने दोन माणसं आणून तुरा खाली उतरवला आणि अंगणात भिंतीला टेकवून ठेवला. खाली आल्यावर तो फार अवजड आणि थोडा ओशाळा दिसत होता. वर पुन्हा नुसता त्रिकोण राहिला.

"मी जरा फिरून येतो," आप्पा म्हणाले.

"आप्पा, आता नको. गाडी आहे संध्याकाळी," मुलगी म्हणाली. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तिचाच आवाज पडला. "बरं, या. पण लवकर या."

"मी येतो मागून," साहेब पुटपुटले.

"कोणी येऊ नका," आप्पा म्हणाले. "शेवटची फेरी मी एकट्याने करणार."

ते गेले. साहेब फाटकाशी उभे राहिले. त्यांच्या मनात येत होतं, की बायकोचं फडकं ऐकलं असतं तर हे रामायण झालंच नसतं. रस्त्यावर धावत जावं असं त्यांना दहादा वाटलं, पण बापाला दिलेला शब्द मोडवत नव्हता. ऊन उतरलं. बहिणीने बॅगेची चेन लावली. तो आवाज साहेबांना फाटकापर्यंत ऐकू आला.

तेवढ्यात आप्पा नाक्यावर दिसले. ते थांबले. मान वर करून त्यांनी छपरांच्या रांगेवरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पूर्वी रुळांकडे बघत असतील तशी. मग आप्पांनी काठी उचलली आणि चालायला लागले. कुठे अडखळले नाहीत, कोणाला विचारलं नाही. डॉक्टरांचं फाटक ओलांडलं आणि आपल्या फाटकावर हात ठेवला.

"कसं सापडलं?" साहेबांनी विचारलं.

"त्यात काय सापडायचंय?" आप्पा म्हणाले. "सगळ्यांच्या डोक्यावर काही ना काही आहे. मोकळं आहे ते एकटं आपलं. तळ्यापासून दिसतंय."

साहेब मटकन पायरीवर बसले. त्यांना हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे उचकी लागली. बायको पाणी घेऊन बाहेर आली. बहीण दारात उभी होती. तिने आप्पांना आणखी दोनदा नाक्यापर्यंत पाठवून परत यायला लावलं, स्वतः लपून मागे चालली आणि दोन्ही वेळा मुकाट्याने परत आली. मग आत जाऊन बॅग उघडली आणि कपडे कपाटात ठेवायला लागली. "माझी गाडी आहे अजून, त्यांची नाही," ती म्हणाली. जाताना तिने आप्पांना वाकून नमस्कार केला आणि भावाला म्हणाली, "दादा, त्या छपरावर आता काही ठेवू नकोस हं."

सोमवारी साहेब खात्यात गेले ते शीळ घालत. धाकट्या मॅडमच्या टेबलावर फायलींचा ढीग होता. "सर, तुमच्यावर अन्याय होऊ द्यायचा नाही म्हणून मी रविवारी बसून पूर्ण केलं," त्या म्हणाल्या. "सगळ्या वसाहतीच्या नोटिसा तयार आहेत. तुमची सही झाली, की महिन्याभरात एकही तुरा राहणार नाही."

साहेबांची शीळ थांबली. त्यांनी वरची फाईल उघडली, वाचली. चूक कुठेच नव्हती. इतकं चोख काम त्यांनी स्वतःही कधी केलं नव्हतं. खिशातून पेन काढलं, टोपण काढलं, परत लावलं.

"मॅडम," ते म्हणाले, "पाहणी जरा वरवरची वाटते. नीट, सखोल व्हायला हवी."

मॅडम चपापल्या. साहेबांनी कुठलीही फाईल लांबवल्याचं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"किती सखोल, सर?"

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "आप्पा फिरायला जातायत तोवर," ते म्हणाले.

मॅडमनी सगळा ढीग एकत्र केला, दोरीने घट्ट बांधला आणि सगळ्यांत खालच्या कप्प्यात ठेवून दिला.